बीम चालून राहिला पाहिजे

आमच्या नागपूरकडे माणूस 'मी जातोय' म्हणत नाही, 'मी जाऊन राहिलो' म्हणतो. पुण्या-मुंबईच्या कानांना हे 'राहिलो' खटकतं. मला मात्र कणत्वरकांचा इतिहास वाचताना हा प्रयोग फार नेमका वाटत आला आहे. त्वरक चालू होणं वेगळं आणि तो चालून राहणं वेगळं. पाठ्यपुस्तकं पहिल्या गोष्टीची तारीख देतात आणि पुढच्या यंत्राकडे वळतात. खरी मेहनत दुसऱ्या गोष्टीत आहे, आणि हे टिपण तिच्याबद्दल आहे.

त्वरकाचं तत्त्व दोन ओळींत सांगता येतं. विद्युतक्षेत्र कणांना वेग देतं, चुंबक त्यांना वळवतात आणि एकत्र बांधून ठेवतात, आणि हे सगळं हवा काढून घेतलेल्या नळीत घडतं. कणांच्या त्या झोताला मराठी पुस्तकांत 'शलाका' म्हणतात. यंत्रावर काम करणारे बीमच म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो.

१९३२ सालच्या एप्रिलमध्ये केंब्रिजला कॉकक्रॉफ्ट आणि वॉल्टन यांनी प्रोटॉनच्या माऱ्याने लिथियमचं अणुकेंद्र फोडलं. हे सर्वांना ठाऊक असतं. त्यांची नळी गळू नये म्हणून सांधे पुट्टीसारख्या मऊ प्लॅस्टिसीनने बुजवले होते, हे सहसा सांगितलं जात नाही. त्यांच्या कामाचा मोठा भाग हवा कुठून शिरते ते शोधण्यात आणि ते भोक पुन्हा लिंपण्यात जायचा. लाखो व्होल्टच्या त्या यंत्राखाली एका छोट्या खोक्यात अंधारात बसून झिंक सल्फाइडच्या पडद्यावरचे प्रकाशाचे ठिपके डोळ्यांनी टिपायचे, हे त्यांचं मोजमापाचं साधन.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात लॉरेन्स आणि त्यांचा विद्यार्थी लिव्हिंगस्टन सायक्लोट्रॉन, म्हणजे कणांना गोल फिरवत वेग देणारं यंत्र, उभारत होते. पहिला जेमतेम साडेचार इंच व्यासाचा होता. १९३१ च्या जानेवारीत त्याने ८०,००० इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जा गाठली. पुढच्या ११ इंची यंत्रात कण बाहेरच्या कडेपर्यंत पोचेनात, कारण चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे हवं तसं नव्हतं. लिव्हिंगस्टनने लोखंडाच्या पातळ पट्ट्या कापल्या, चुंबकाचा ध्रुव आणि निर्वात पेटी यांच्यामध्ये त्या सरकवल्या आणि बीम वाढतो की घटतो ते बघत राहिला. गाडीखाली पाचर मारून चाक सरळ करावं तसंच हे. त्या पाचरींच्या जोरावर १९३२ मध्ये १० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचा टप्पा ओलांडला गेला. क्षेत्राला नेमका कसा आकार द्यावा याचं गणित नंतर आलं, आधी हात पोचला. पुढे नोबेल लॉरेन्सला मिळालं, १९३९ मध्ये. लिव्हिंगस्टनच्या पट्ट्यांना माझ्या लेखी त्याच्याइतकंच मोल आहे.

यंत्रं मोठी झाली तसा प्रश्न बदलला. शंभर मीटर नळीतला बीम डोळ्यांना दिसत नाही. तो कुठे आहे, किती आहे, जाड आहे की बारीक, हे सांगणारी उपकरणं नसतील तर यंत्र चालवणारा आंधळ्यासारखा चाचपडतो. सर्न या जिनिव्हाजवळच्या युरोपीय कणप्रयोगशाळेतल्या सायमन व्हान डर मीर यांचं नाव इथे घ्यायलाच हवं. समोरासमोरून येणारे दोन बीम एकमेकांवर किती नेमके आदळतात, हे मोजण्याची सोपी रीत त्यांनी १९६८ मध्ये सुचवली : एक बीम थोडाथोडा वर-खाली सरकवायचा आणि टकरींची संख्या कशी बदलते ते पाहायचं. आजही ती रीत वापरली जाते. नंतर त्यांनी विस्कटलेल्या बीममधल्या कणांचं भटकणं मोजून, त्याच वर्तुळात पुढे त्यांना धक्का देऊन ताळ्यावर आणण्याची युक्ती काढली. तिच्यामुळे १९८३ मध्ये डब्ल्यू आणि झेड हे मूलकण सापडले आणि १९८४ चं नोबेल त्या शोधाचे नेते रुबिया यांच्याबरोबर त्यांनाही मिळालं. यंत्र नीट चालवण्याच्या कलेला इतका थेट मान क्वचितच मिळाला आहे.

उपकरणं सूक्ष्म झाली की ती न विचारलेलंही सांगू लागतात. सर्नच्या जमिनीखालच्या बोगद्यातल्या, २७ किलोमीटर परिघाच्या लेप या त्वरकात बीमची ऊर्जा दिवसातून वरखाली व्हायची. चंद्राच्या ओढीने भरती येते तेव्हा जमीनही किंचित फुगते, आणि त्या परिघात सुमारे एका मिलिमीटरचा फरक पडतो, हे त्यामागचं कारण निघालं. दुसरा एक गोंधळ मध्यरात्रीनंतर थांबायचा आणि पहाटे पुन्हा सुरू व्हायचा. तो जवळून धावणाऱ्या विजेच्या रेल्वेगाड्यांच्या भटक्या प्रवाहाचा होता.

त्याच बोगद्यात पुढे एलएचसी हा प्रोटॉनच्या टकरी घडवणारा त्वरक आला. १० सप्टेंबर २००८ ला बीम पहिल्यांदा फिरला, जगभर टाळ्या वाजल्या, आणि नवव्या दिवशी दोन चुंबकांमधला केबलचा एक सांधा जळाला. चुंबक थंड ठेवणारं काही टन हेलियम बोगद्यात सुटलं आणि कित्येक टनांचे चुंबक जागचे हलले. यंत्र पुन्हा सुरू व्हायला १४ महिने लागले. त्या काळात प्रत्येक सांध्याचा अतिसूक्ष्म विद्युतरोध सतत मोजत राहणारी नवी यंत्रणा बसवली गेली. एलएचसीचे १,२३२ वाकवणारे चुंबक, प्रत्येकी १५ मीटर लांब आणि ३५ टन वजनाचे, ज्या जॅकवर टेकले आहेत ते भारतातून गेले. एवढं वजन मिलिमीटरच्या विसाव्या भागाइतकं नेमकं सरकवता यावं, अशी त्यांची मागणी होती. त्या कामाची सूत्रं इंदूरच्या राजा रामण्णा त्वरक केंद्राकडे होती.

आपल्याकडची सुरुवात कष्टाची. मेघनाद साहांनी कलकत्त्यात सायक्लोट्रॉन आणायचं ठरवलं. लॉरेन्सकडे शिकलेले नागचौधुरी परतले, चुंबकाचं साहित्य आलं, पण निर्वात पंप घेऊन येणारं जहाज महायुद्धात बुडालं. चुंबक आहे आणि हवा काढायला पंप नाही, म्हणजे हाती लोखंडच. कलकत्त्याच्याच दुसऱ्या, मोठ्या सायक्लोट्रॉनमधून १९७७ मध्ये बीम निघाला. मुंबईत टीआयएफआरच्या (टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या) आवारातला १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन त्वरक १९८८ च्या अखेरीस सुरू झाला, आणि पुढे त्याला कणांना आणखी वेग देणाऱ्या, तिथेच घडवलेल्या अतिवाहक पोकळ्यांची जोड मिळाली.

मला यातलं सर्वांत शिकवणारं उदाहरण इंदूरचं वाटतं. तिथल्या १७२.५ मीटर परिघाच्या इंडस-२ या त्वरकात इलेक्ट्रॉनना ऊर्जा देणारे ५०५.८ मेगाहर्ट्झचे क्लायस्ट्रॉन, म्हणजे रेडिओलहरींची शक्ती वाढवणाऱ्या नळ्या, बाहेरून आणलेले होते. एक नळी गेली की सगळं ठप्प, आणि नवी कधी मिळेल ते आपल्या हातात नाही. इंदूरच्या अभियंत्यांनी त्याऐवजी ट्रान्झिस्टरचे शेकडो छोटे प्रवर्धक जोडून तीच शक्ती उभी केली. त्यातले दोनचार बिघडले तरी बीम चालून राहतो.

विद्यार्थीदशेत मीही नागपूरहून नमुन्यांची डबी घेऊन एका त्वरक केंद्रात गेलो होतो. आठ-आठ तासांच्या तीन शिफ्ट वाट्याला आल्या होत्या, त्यासाठी वर्षभर थांबलो होतो. दुसऱ्या शिफ्टमध्ये बीम गेला. रात्रपाळीच्या ऑपरेटरने घाई केली नाही. बीम अडवून त्याचा प्रवाह मोजणारा एकेक फॅराडे कप आत घालत, प्रवाह कुठवर येतो ते बघत तो मागे मागे गेला आणि पहाटे पावणेचारला दोष सापडला : एका छोट्या वळण-चुंबकाचा वीजपुरवठा. माझ्या प्रबंधाच्या ऋणनिर्देशात त्याचं नाव आहे.

पण नागपूरकराला त्वरक बघायला इंदूर-मुंबईला जायची गरज नाही. मानेवाडा रोडवरच्या तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलमध्ये आहे, जामठ्याला आहे. कर्करोगावर किरण देणाऱ्या या त्वरकाला लोक 'शेक देण्याची मशीन' म्हणतात. तिचा वंश युद्धातल्या रडारचा. १९४० मध्ये बर्मिंगहॅमला रँडल आणि बूट यांनी शक्तिशाली मॅग्नेट्रॉन, म्हणजे रडारच्या लहरी निर्माण करणारी नळी, बनवला. त्याच १० सेंटिमीटरच्या लहरींवर इलेक्ट्रॉन पळवून १९५३ मध्ये लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात पहिले उपचार झाले. मुंबईच्या समीर संस्थेने हे यंत्र आपल्याकडे घडवलं, 'सिद्धार्थ' नाव दिलं, आणि ते जिथे बसवलं त्यांत आपल्या शेजारचं सेवाग्रामही आहे.

अशा यंत्रातली तांब्याची पोकळी एक अंश तापली की तिची कंपनसंख्या सुमारे ५० किलोहर्ट्झने सरकते. बाहेर ४५ अंश असताना आत थंड पाण्याचं तापमान जागचं हलू न देणारा चिलर इथे उपचाराचाच भाग आहे. आणि मोजमापाचं तर विचारूच नका. किरणांची मात्रा मोजणारा आयन कक्ष, म्हणजे हवा भरलेली छोटी पोकळी, हवेला उघडा असतो, त्यात जेवढी हवा तेवढं वाचन. नागपूर समुद्रसपाटीपासून सुमारे ३१० मीटर उंच. इथला हवेचा दाब मुंबईपेक्षा साधारण साडेतीन टक्क्यांनी कमी. ती दुरुस्ती विसरली तर आकडा तेवढाच कमी दिसेल, आणि तो 'वाढवण्याच्या' नादात रुग्णाला साडेतीन टक्के जास्त किरण जातील. रोजच्या तपासणीत चालतो तो फरक जेमतेम तीन टक्क्यांचा.

म्हणून पहिल्या रुग्णाआधी भौतिकतज्ज्ञ जाड भिंतींच्या त्या खोलीत जातो, दाबमापक आणि तापमापक वाचतो, रुग्णाच्या जागी ठेवलेल्या ठोकळ्यात कक्ष सरकवतो, दार लावून बाहेर येतो आणि किरणांची १०० युनिट सोडतो. आकडा वहीत उतरतो, शेजारी कालचा आणि परवाचा असतो. तिन्ही जुळले की बाहेरच्या बाकावर बसलेल्यांतलं पहिलं नाव पुकारलं जातं.