क्लोव्हरचं बी खोल गाडू नका: मुलांसाठी फूड प्लॉट करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फूड प्लॉट म्हणजे हरणांनी चरायला यावं म्हणून पेरलेला जमिनीचा छोटा तुकडा, आणि क्लोव्हर हे त्यात पेरायचं तीन पानांचं चाऱ्याचं पीक. सप्टेंबर उजाडला की आमच्या बियाण्याच्या दुकानात एकाच तक्रारीचे फोन सुरू होतात. "ओट मस्त आलंय, क्लोव्हरचा मात्र पत्ता नाही. बी जुनं होतं का?" बी जुनं नसतं. ते कुठे गेलं हे आम्हाला फोनवरच कळतं, पण समोरच्याला पटवायला प्लॉटवर जावं लागतं, आणि मध्य विस्कॉन्सिनात एका प्लॉटवर जाऊन यायचं म्हणजे अख्खी सकाळ जाते. म्हणून हे पत्रक. इंग्रजी पत्रक काउंटरवर आहेच. मराठीत वेगळं लिहिलं, कारण ही गफलत आपल्या मंडळींकडून जरा जास्तच होते.

होते ती शेती येत नाही म्हणून नव्हे, येते म्हणून. आमचे बरेचसे मराठी ग्राहक मिलवॉकी, मॅडिसन नाहीतर शिकागोत नोकरी करणारे. इकडे दहा-वीस एकर झाडीची जमीन घेतलेली असते. मुलं दहा-बारा वर्षांची झाली, वर्गातली पोरं हरणाच्या शिकारीला जातात, आता यांनाही जायचं असतं. उन्हाळ्यात सांगली-साताऱ्याकडून आजोबा आलेले असतात. टिलर भाड्याने आणला की आजोबांच्या देखरेखीखाली आडवी-उभी मशागत होते, जमीन गादीसारखी भुसभुशीत होते, बी फोकलं जातं आणि वरून पुन्हा एकदा टिलर फिरतो. ज्वारीला, भुईमुगाला हे शोभून दिसलं असतं. त्यांचं बी दोन बोटं खाली गेलं तरी जोर करून वर येतं.

पांढऱ्या क्लोव्हरचं बी राजगिऱ्याएवढं असतं. एका पौंडात साधारण आठ लाख दाणे बसतात. एवढ्याशा दाण्यात शिदोरी ती किती असणार? पाव इंचाच्या वर माती चढली की कोंब उजेडापर्यंत पोचायच्या आतच संपतो. अशा प्लॉटमध्ये आम्ही खिशातल्या चाकूने माती हळूहळू खरवडतो. दीड-दोन इंचांवर मान वाकलेले पांढुरके कोंब सापडतात, काही नुसतीच फुटलेली टरफलं. ओट मात्र त्याच खोलीवरून आरामात वर आलेलं असतं, कारण त्याला एक ते दीड इंच मानवतं. म्हणूनच फोनवर "ओट आलंय" हे ऐकलं की आमचं निदान होऊन गेलेलं असतं.

दुसरी खूण त्याहून बोलकी. फसलेल्या प्लॉटमध्ये जिथून ट्रॅक्टर किंवा फोर-व्हीलर (मोटार नव्हे, शेतात फिरवायची छोटी एटीव्ही) बाहेर काढलेला असतो, तिथे चाकांच्या दोन पट्ट्यांत क्लोव्हर दाट उगवलेलं असतं. बाकी सगळं ओसाड आणि मधे दोन हिरवे रूळ. बी तेच, माती तीच, पाऊसही तोच. फक्त चाकाखाली माती दबली, दाणा आणि ओल एकमेकांना चिकटले. हे पाहिल्यावर "बी खराब" म्हणणारे आजोबासुद्धा गप्प होतात.

तेव्हा क्रम असा ठेवा. आधीचं गवत मारायला तणनाशक वापरलं असेल तर लेबलवर लिहिलेले दिवस जाऊ द्या. मग मशागत करा, पण तीन-चार इंचांच्या खाली जाऊ नका. ओट फोकून हलकी फणणी द्या आणि रोलर फिरवा. आता प्लॉटमध्ये चालून बघा. बुटाची टाच अर्ध्या इंचापेक्षा जास्त रुतली तर जमीन अजून पोकळ आहे, पुन्हा रोलर फिरवा. हे काम मुलांना द्या. टाचेचा खड्डा पट्टीने मोजायला त्यांना फार आवडतं आणि वडिलांपेक्षा ती प्रामाणिकपणे मोजतात. जमीन दबली की क्लोव्हर वरच्या वर फोका आणि शेवटचा रोलर फिरवा. संपलं. क्लोव्हर फोकल्यानंतर फणही नको, टिलरही नको. दाणे वर दिसतात म्हणून जीव खालीवर होईल, होऊ द्या. एक चांगली सर आली की ते आपोआप बसतात. एवढंच सांभाळा की पेरणी वाफशावर करा. चिखलात रोलर घातलात तर माती आणि बी दोन्ही रोलरलाच चिकटून येतात.

रोलर नसेल तर फोर-व्हीलरची चाकं शेजारी-शेजारी घासत सगळा प्लॉट तुडवा. वेळ जातो, पण काम होतं. आमच्याकडे बी घेणाऱ्यांना ओढायचा छोटा रोलर आम्ही भाडं न घेता देतो. यात औदार्य वगैरे काही नाही. रोलर गेला की तक्रारीचा फोन येत नाही, हा हिशेब आहे.

किती बी लागतं? अर्धा एकर म्हणजे आपले वीस गुंठे. त्याला पांढरं क्लोव्हर तीन ते चार पौंड आणि सोबत ओट वीस-पंचवीस पौंड पुरे. बी वाढवून क्लोव्हर दाट होत नाही, ओट वाढवलं तर ते क्लोव्हरला दाबून टाकतं. लेप दिलेलं बी घेतलंत तर पिशवीच्या वजनात लेपाचंही वजन असतं, ते टॅगवर पाहून तेवढं जास्त घ्या. साधं बी घेतलंत तर रायझोबियम जिवाणूंची बीजप्रक्रिया करूनच पेरा. आपल्याकडे सोयाबीनला, हरभऱ्याला करतात तीच, पण जिवाणू वेगळे. सोयाबीनचं पाकीट क्लोव्हरला चालत नाही.

काहीजण विचारतात की मोठ्या दुकानात चित्रावर दहा फाट्यांचं हरिण असलेली पिशवी स्वस्तात मिळते, मग तुमच्याकडून का घ्यायचं. घ्या जरूर, पण पिशवीच्या मागचा टॅग वाचा. उगवणशक्ती, शुद्धता, तपासणीची तारीख आणि तणाच्या बियांचं प्रमाण त्यावर छापलेलं असतं. पुष्कळदा त्या मिश्रणात रायग्रास भरलेलं आढळतं. रायग्रास वेगळं आणि विंटर राय वेगळं, हे जरा नीट ध्यानात घ्या. विंटर राय हे गव्हासारखं धान्य आहे, हरणं ते बर्फ पडेपर्यंत खातात. रायग्रास हे गवत आहे, आणि एकदा शिरलं की पुढची काही वर्षं तुम्ही तेच उपटत बसता.

आता चुन्याचं. क्लोव्हरला मातीचा सामू (पीएच) साडेसहाच्या आसपास हवा. इथल्या वाळूच्या, झाडी तोडून मोकळ्या केलेल्या जमिनी बहुतेक आंबट असतात. माती न तपासता आम्ही क्लोव्हर विकतो, पण ते आलं नाही तर बदलून देत नाही. हा नियम काहींना खटकतो. पण सामू पाच असलेल्या जमिनीत कुणाचंही बी घातलं तरी निकाल तोच. प्लॉटमध्ये दहा-पंधरा ठिकाणी सहा इंच खोल माती काढा, बादलीत एकत्र कालवा आणि त्यातली दोन वाट्या पिशवीत भरून आणा. आम्ही ती विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवतो. अहवालात एकराला दोन टन चुना आला, तर अर्ध्या एकराला एक टन, म्हणजे चाळीस पौंडांची पन्नास पोती. ही पोती सेडानच्या डिकीत मावणार नाहीत, हे आत्ताच सांगून ठेवतो. चुना मातीत मुरायला महिने लागतात, म्हणून खरा चुना आदल्या शरदात पडायला हवा. ऑगस्टमध्ये माती आणि बी एकदमच घेऊन येणाऱ्यांना आम्ही त्या वर्षापुरतं ओट आणि विंटर राय देतो. ही दोन्ही आंबट जमीन बरीच सहन करतात.

मुलांसाठी प्लॉट करताना पेरणीची तारीख शिकारीच्या तारखेवरून मागे मोजायची. विस्कॉन्सिनात 15 वर्षांपर्यंतच्या मुलांची खास शिकार ऑक्टोबरच्या पूर्वार्धातल्या एका शनिवार-रविवारी असते. मोठ्यांचा नऊ दिवसांचा बंदुकीचा हंगाम थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो. या दोन्हींत दीड महिन्याचं अंतर आहे आणि हरणाच्या जिभेत तेवढाच फरक पडतो. सलगम आणि मुळ्याचा पाला कडक थंडी पडून गेल्यावर हरणांना जास्त भावतो, म्हणजे तो नोव्हेंबरचा माल. ऑक्टोबरच्या सुरुवातीला त्यांना कोवळं ओट आणि क्लोव्हर हवं असतं. तेव्हा मुलांच्या प्लॉटवर ऑगस्टच्या मध्यावर, पावसाचा अंदाज बघून ओट-क्लोव्हर पेरा. पहिल्या ऑक्टोबरात हरिण येईल ते मुख्यतः ओटासाठी. क्लोव्हर तेव्हा दोन-तीन इंचच असतं, त्याची खरी कमाई पुढच्या वसंतापासून.

जागा लहानच ठेवा. मुलाने पन्नास-साठ यार्डांच्या पलीकडे नेम धरायची वेळच येऊ नये, असा लांबट, अरुंद प्लॉट आखा. पलीकडे टेकाड किंवा चढ असावा, म्हणजे चुकलेली गोळी मातीत जाईल. मागे घर, रस्ता किंवा पायवाट असेल तर ती जागा सोडा. शरदात इथला वारा बहुधा पश्चिमेचा किंवा वायव्येचा. माणसाचा वास हरणाकडे जाऊ नये म्हणून सगळे पूर्वेला बसतात आणि मग संध्याकाळी मुलाच्या डोळ्यांत थेट सूर्य. आग्नेय कोपऱ्यात बसून वायव्येकडे तोंड केलंत तर वाराही सांभाळला जातो आणि ऑक्टोबरचा मावळता सूर्य डाव्या बाजूला राहतो. मचाणापेक्षा जमिनीवरचा बंदिस्त ब्लाइंड, म्हणजे लपून बसायचा आडोसा, घ्या, कारण मुलं चुळबुळतात. त्याच्या खिडकीची उंची मुलाला खुर्चीत बसवून ठरवा. तुमच्या उंचीची खिडकी केलीत तर पोरगी तास-दीड तास गुडघ्यांवर उभी राहते. ब्लाइंडकडे जायची वाटही प्लॉटच्या मागून हवी. प्लॉट तुडवत गेलात तर त्या संध्याकाळी कुणी येणार नाही.

प्लॉटच्या मधोमध तारेच्या जाळीचं एक गोल पिंजरं रोवा, दोन-तीन फूट रुंदीचं. आतलं पीक हरणांना खाता येत नाही, बाहेरचं खातात. दर आठवड्याला मुलांनी दोन्हीकडची उंची मोजून वहीत लिहायची. आत आठ इंच आणि बाहेर तीन, म्हणजे हरणं येताहेत. ज्या घरांत शिकार करत नाहीत, नुसतं दुर्बीण घेऊन बसतात, तिथेही हे पिंजरं मुलांचं लाडकं होतं. जाळी आमच्याकडे कापून मिळते.

नियमांबद्दल थोडं. भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, त्यामुळे गावाकडून आलेली मंडळी आधी "हे कायदेशीर आहे ना?" असंच विचारतात. इथे परवान्यासह आहे. पण ज्यांचा जन्म 1 जानेवारी 1973 रोजी किंवा त्यानंतरचा, त्यांना शिकारीचा प्रशिक्षण दाखला लागतो, आणि यात मुलांच्या बरोबरीने बहुतेक आई-बाबाही येतात. दाखला नसलेलं मूल मेंटॉरसोबत, म्हणजे शिकवणाऱ्या मोठ्या शिकाऱ्यासोबत, जाऊ शकतं. 2017 पासून त्याला किमान वयाची अट नाही, मात्र मेंटॉर हाताच्या अंतरावरच हवा. कपडे भडक नारिंगी किंवा 2016 पासून चालणारे भडक गुलाबी. व्हिसावर असणाऱ्यांना बंदूक हाताळण्याचे केंद्र सरकारचे नियम वेगळे आहेत, ते वकिलाकडूनच समजून घ्या, आम्हाला विचारू नका. हंगामाच्या तारखा आणि बाकी सगळं डीएनआरच्या, म्हणजे राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या, त्या वर्षीच्या पुस्तिकेत बघायचं.

मक्याची पोती प्लॉटवर ओतायला आमच्याकडे मागू नका. हरणांच्या सीडब्ल्यूडी (क्रॉनिक वेस्टिंग डिसीज) या मेंदूच्या जीवघेण्या, संसर्गजन्य रोगामुळे राज्याच्या बऱ्याच काउंट्यांत आमिष टाकायला बंदी आहे. पेरलेलं, जागेवर उभं असलेलं पीक आमिषात धरत नाहीत, ओतलेला मका धरतात. आणि मुलाला हरिण मिळालंच, तर मांस ताटात येण्याआधी डीएनआरच्या केंद्रावर सीडब्ल्यूडीची तपासणी करून घ्या, ती मोफत असते.

एवढं वाचूनही क्लोव्हर आलं नाही, तर फोन करण्याआधी प्लॉटमध्ये चार ठिकाणी खरवडून बघा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा. पिशवीचा टॅगही फोटोत येऊ द्या. प्रत्येक लॉटचा नमुना आम्ही जपून ठेवतो. दोष बियाचा निघाला तर बी बदलून देतो, खोलीचा निघाला तरी वर्ष फुकट जात नाही. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत पावसाच्या आदल्या दिवशी विंटर राय वरून फोकता येतं. मग मार्चमध्ये, रात्री जमीन गोठते आणि दुपारी सुटते अशा दिवसांत, सकाळी क्लोव्हर नुसतं फोकून यायचं. जमिनीच्या त्या आकसण्या-फुगण्याने दाणा हवा तेवढाच आत जातो. टिलरही नको, रोलरही नको. खरं तर घाई नसलेल्यांना आम्ही ही मार्चची पेरणीच सुचवतो.

रोलर शुक्रवारी संध्याकाळी न्यावा, सोमवारी सकाळी धुऊन परत आणावा. ऑगस्टचे शनिवार-रविवार जुलैतच भरून जातात, तेव्हा नाव आधी नोंदवा.