डीडी २१४ वरचा जुना शेरा बदलायचा आहे? अर्ज कुठे अडतो ते आधी वाचा

अमेरिकी लष्करातलं ‘डोन्ट आस्क, डोन्ट टेल’ धोरण २० सप्टेंबर २०११ रोजी संपलं. आपण समलिंगी आहोत हे उघड झालं की नोकरी गेली, असा तो १९९३चा कायदा. त्याच्या आधी तर सरळ बंदीच होती. कायदा गेला, पण त्यापायी ज्यांना घरी पाठवलं त्यांच्या डीडी २१४ वरचा, म्हणजे सेवामुक्तीच्या दाखल्यावरचा शेरा त्याबरोबर गेला नाही. ‘आता कायदाच नाही, म्हणजे कागदही दुरुस्त झाला असेल’ असं धरून चालणारे माजी सैनिक आजही भेटतात. नोकरीच्या किंवा घरकर्जाच्या वेळी तोच कागद पुन्हा पुढे येतो तेव्हा कळतं.

पेंटागॉनने २०२४ मध्ये स्वतःहून ८०० हून अधिक जुनी प्रकरणं तपासली आणि त्यांतल्या बहुतेकांना दिलासा दिला, हे खरं. पण ती याच धोरणाच्या काळातली होती. १९७० किंवा १९८० च्या दशकात काढलेल्यांचं तिथे कुणी पाहिलं नाही. त्यांनी अर्ज करायलाच हवा.

निकष तसे सोपे आहेत. धोरण संपलं त्याच दिवशी संरक्षण खात्याने असे अर्ज तपासणाऱ्या आपल्या मंडळांना लेखी सूचना दिली: काढण्याचं कारण निव्वळ हे धोरण (किंवा त्याआधीचं तशाच प्रकारचं) असेल आणि फाइलमध्ये गैरवर्तनासारखी दुसरी बाब नसेल, तर साधारणपणे अर्ज मंजूर करा. मंजूर झाला की कारणाच्या रकान्यात ‘सेक्रेटेरियल ऑथॉरिटी’ (खात्याच्या अधिकारात, असं तटस्थ कारण) येतं, कारणाचा कोड जेएफएफ होतो, सेवेचा दर्जा ‘ऑनरेबल’ (सन्माननीय) होतो आणि पुन्हा भरतीला अडवणारा कोड जातो. मागचा पगार मात्र मिळत नाही. त्याच अर्जात पगाराची मागणी घालून प्रकरण लांबवू नका.

अडचण पहिल्या अटीत आहे. ‘निव्वळ हेच कारण’ हे सिद्ध कोणी करायचं? तुम्ही. आणि ज्या कागदावरून ते सिद्ध होईल, तो बहुतेकांकडे नसतो.

डीडी २१४ च्या प्रती दोन तऱ्हेच्या असतात. छोट्या प्रतीत कारण, कोड आणि दर्जा यांचे रकाने नसतातच. लोक नेमकी ती जोडतात, कारण घरच्या पेटीत तीच असते; नोकरी मागताना दाखवायला बरी म्हणून जपलेली. मंडळाला लागते ती लांब प्रत, रकाना २३ ते २८ भरलेले असलेली. ती सेंट लुइसच्या नॅशनल पर्सनेल रेकॉर्ड्स सेंटरकडून मागवायची, स्टँडर्ड फॉर्म १८० भरून. फुकट मिळते. त्या फॉर्मवर काही माहिती झाकलेली प्रत हवी की न झाकलेली, असं विचारतात. न झाकलेलीवर खूण करा. लाजेखातर झाकलेली मागवणारेही पाहिले आहेत, आणि त्यांची अडचण समजते. पण ती प्रत या कामाला शून्य उपयोगाची.

नुसती डीडी २१४ मागवून थांबू नका. संपूर्ण सेवाफाइल मागवा. तुम्हाला काढताना कमांडरने दिलेली नोटीस, तुमचा जबाब, चौकशी झाली असेल तर तिची नोंद, हे सगळं तिथे असतं. अनेकांच्या डीडी २१४ वर समलिंगी असल्याचा उल्लेखच नसतो. ‘कोर्ट मार्शल टाळण्यासाठी सेवामुक्ती’ किंवा ‘गैरवर्तन’ एवढंच. कित्येकांना तसं सही करायला लावलं होतं. आता मंडळ कागद बघतं आणि विचारतं, यात धोरणाचा संबंध कुठे? उत्तर त्या नोटिशीत असतं. ती नसेल तर त्या काळच्या बराकीतल्या साथीदाराचं किंवा घरच्यांचं सही केलेलं निवेदन, तेव्हाची पत्रं, आणि तुमचं स्वतःचं तारीखवार निवेदन जोडा. ‘माझ्यावर अन्याय झाला’ हे एका ओळीत पुरे. कुणी चौकशीला बोलावलं, काय विचारलं, पुढे किती दिवसांत पाठवलं, हे लिहा.

फाइलमध्ये दुसरी नोंद असेल, समजा गैरहजेरीची, तर ती लपवू नका. मंडळासमोर तीच फाइल असते. छळ होत होता म्हणून पळालो असं असेल तर तसंच लिहा. लैंगिक अत्याचार किंवा मानसिक आघाताचा संबंध असेल तर २०१७ ची वेगळी सूचना आहे, तिच्यात मंडळांना अशा अर्जांकडे उदारपणे पाहायला सांगितलं आहे. जुन्या नियमांत काही गोष्टी आपोआप ‘गंभीर’ धरल्या जात, त्यांत लष्करी जहाजावर किंवा विमानात घडलेलं कृत्यही होतं. दोन सज्ञान माणसांच्या संमतीने घडलेली गोष्ट, पण जहाजावर, म्हणून दर्जा खाली. नौदलातल्या माणसाने राहायचं तरी कुठे, हे त्या नियमाने सांगितलं नव्हतं. तुमच्या फाइलमध्ये असा शेरा असेल तर त्याचं वेगळं स्पष्टीकरण द्या.

‘फाइल १९७३ च्या आगीत जळाली’ असं उत्तर आलं की बरेच जण तिथेच सोडून देतात. सोडू नका. सेंट लुइसच्या याच केंद्रात १२ जुलै १९७३ ला लागलेल्या त्या आगीत १९१२ ते १९६० मधल्या भूदलाच्या सुमारे ८० टक्के आणि हवाई दलाच्या १९४७ ते १९६४ मधल्या बऱ्याच फाइली गेल्या. नौदल आणि मरीन्सच्या फाइलींना धक्का लागला नाही. जळालेल्या फाइलीतली माहिती दुसऱ्या नोंदींवरून जुळवता येते. त्यासाठी केंद्र वेगळा फॉर्म पाठवतं, तो भरून परत द्यायचा. पूर्वी कधी व्हीएकडे (माजी सैनिकांच्या लाभांचं सरकारी खातं) दावा केला असेल तर तिथली फाइलही मागवा. सैन्यातून परतल्यावर अनेकांनी आपला डिस्चार्जचा (सेवामुक्तीचा) कागद काउंटी कार्यालयात नोंदवला होता, तिथेही बघा. आणि तिथे जुन्या शेऱ्यासकट प्रत पडून असेल तर तिचं पुढे काय करता येतं, हे त्याच वेळी विचारून घ्या.

आता मुदती. सर्वांत जास्त गोंधळ इथे.

डिस्चार्ज रिव्ह्यू बोर्ड म्हणजे पहिलं मंडळ. फॉर्म डीडी २९३, सेवामुक्तीपासून १५ वर्षांच्या आत. जनरल कोर्ट मार्शलने दिलेली शिक्षा या मंडळाच्या हातात नाही. पंधरा वर्षं उलटली की दुसरं मंडळ, बोर्ड फॉर करेक्शन ऑफ मिलिटरी रेकॉर्ड्स, फॉर्म डीडी १४९. हे धोरण २०११ मध्ये संपलं, म्हणजे २० सप्टेंबर २०२६ नंतर या धोरणाखाली काढलेल्या कुणालाही पहिल्या मंडळाकडे जाता येणार नाही. पंधरा वर्षांच्या आत असताना थेट दुसऱ्याकडे गेलात तर अर्ज पहिल्याकडे वळवतात, आणि त्यात महिने जातात.

दुसऱ्या मंडळाची मुदत तीन वर्षांची. हे वाचलं की लोक अर्ज बाजूला ठेवतात. ती तीन वर्षं चूक किंवा अन्याय लक्षात आल्यापासूनची आहेत, आणि न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर मंडळ उशीर माफ करू शकतं. फॉर्मवर त्यासाठी जागा आहे: चूक कधी लक्षात आली, आणि उशीर झाला तरी अर्ज का विचारात घ्यावा. तो रकाना कोरा ठेवू नका. ‘धोरण रद्द झाल्यावर दुरुस्ती होऊ शकते हे मला अमुक साली कळलं’ असं खरं ते लिहा.

अर्ज कुठल्या दलाकडे, हेही चुकतं. मरीन्सचे अर्ज नौदलाच्या मंडळाकडे, स्पेस फोर्सचे हवाई दलाकडे, कोस्ट गार्डचं मंडळ वेगळं.

२०२५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फेडरल कोर्टाने एका सामूहिक खटल्यातली तडजोड मंजूर केली. सुमारे ३५,००० माजी सैनिक तिच्यात येतात. ज्यांचा दर्जा ‘ऑनरेबल’ आहे किंवा दर्जाच दिलेला नाही, पण कारणाच्या रकान्यात लैंगिकतेचा उल्लेख आहे, त्यांना मंडळाचा सगळा फेरा न घेता नवी डीडी २१४ मागण्याची सोय तिच्यात आहे. डीडी १४९ भरायला बसण्याआधी आपण या गटात येतो का आणि तिथली मुदत काय, ते तपासा. दर्जा ठीक असताना नुसत्या शेऱ्यासाठी पूर्ण अर्ज भरत बसणारे बरेच आहेत.

कोर्ट मार्शलमध्ये लष्करी कायद्याच्या कलम १२५ खाली (समलिंगी संबंधांनाही गुन्हा ठरवणारं कलम) दोषी ठरलेल्यांची वाट निराळी. २६ जून २०२४ ला राष्ट्राध्यक्ष बायडन यांनी १९५१ ते २०१३ मधल्या, सज्ञान व्यक्तींच्या खाजगी आणि संमतीच्या कृत्यांसाठी माफी जाहीर केली. त्या माफीने डिस्चार्ज बदलत नाही. आधी आपल्या दलाकडे माफीच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज, ते हातात आलं की मंडळाकडे दुसरा अर्ज. एकाच लिफाफ्यात दोन्ही घालू नका.

माजी सैनिक हयात नसेल तर पती, पत्नी, जवळचे नातेवाईक किंवा कायदेशीर प्रतिनिधी अर्ज करू शकतात. मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा लागतो. आणि इथे तीस-तीस वर्षं एकत्र राहिलेले जोडीदार अडकतात, कारण लग्नाचा दाखला नाही. त्या काळी त्यांना लग्नच करता येत नव्हतं! अशा वेळी मृताच्या भावाबहिणीने अर्ज करावा किंवा मृत्युपत्राच्या अंमलबजावणीसाठी नेमलेल्या व्यक्तीने. हे थोडं अपमानास्पद वाटतं, आहेच. पण अर्ज टिकतो.

ग्रीन कार्डावर असताना भरती झालेल्या आपल्या मंडळींसाठी एक गोष्ट. लष्करी सेवेच्या आधारे नागरिकत्व मागायचं तर सेवामुक्ती ‘ऑनरेबल’ किंवा निदान ‘जनरल, अंडर ऑनरेबल कंडिशन्स’ हवी. त्याखालचा दर्जा असेल तर आधी डिस्चार्जचा निकाल, मग नागरिकत्वाचा अर्ज. तोवर वकिलाला विचारल्याशिवाय कुठेही सही नको.

व्हीएच्या उपचारांसाठी मात्र मंडळाच्या निकालाची वाट पाहू नका. तुमचा दर्जा लाभांना पात्र आहे का, हे व्हीए स्वतंत्रपणे ठरवतं, आणि २०२१ पासून या धोरणापायी खालचा दर्जा मिळालेल्यांबाबत त्यांचं धोरण बरंच मोकळं आहे. दोन्ही अर्ज एकाच वेळी चालू शकतात.

अर्जाला फी नाही. ‘हमखास करून देतो’ म्हणत पैसे मागणाऱ्याला दारातून परत पाठवा. कायद्याच्या महाविद्यालयांची मदतकेंद्रं हे काम फुकट करतात.

नवीन डीडी २१४ आली की रकाना २४ ते २८ एकेक करून वाचा, आणि शेऱ्यांचा रकाना १८ सुद्धा. नव्या प्रतीऐवजी जुन्याला जोडलेला दुरुस्तीचा कागद, डीडी २१५, आला असेल तर परत लिहा, कारण त्याच्यासोबत जुना शेरा तसाच फिरत राहतो. अर्ज फेटाळला गेला तर निकालपत्रातलं कारण वाचून त्याच मुद्द्यावर नवा पुरावा जोडा आणि फेरविचार मागा. तोच अर्ज तसाच पुन्हा पाठवला तर उत्तरही तेच येतं. या काळात घर बदललं तर मंडळाला आधी कळवा.