कार्टूनमधला कोल्हा आणि खाडीकाठचा कोल्हा

‘कार्टूनमध्ये प्राण्यांचा खराखुरा स्वभाव दाखवतात, कोल्हा कपटी आणि घुबड ज्ञानी असतं, म्हणूनच तसं काढतात,’ असा मजकूर पालकांच्या ग्रुपवर बरीच वर्षं फिरतो आहे. तो पटतो, कारण धूर्त कोल्ह्याच्या गोष्टी आपण लहानपणापासून ऐकलेल्या असतात.

पण नवी मुंबईत, खारघरकडच्या कांदळवनात, सोनेरी कोल्हे खरोखर राहतात. खेकडे, उंदीर, फळं, मिळेल ते खातात. नर-मादी बहुधा जोडीनं राहतात आणि आधीच्या विणीतली काही पिल्लं धाकट्यांना सांभाळायला मागे थांबतात. यात कपट कुठे आलं?

ते येतं चित्रकाराच्या पेन्सिलीतून. अर्धवट मिटलेल्या पापण्या, एकच वर चढलेली भुवई, तिरकं हसू, ही सगळी माणसाच्या चेहऱ्यावरची चिन्हं. बहुतेक प्राण्यांच्या डोळ्यांतला पांढरा भाग सहसा दिसतही नाही. कार्टूनमध्ये तो मोठा काढला की नजर कुठे वळली ते कळतं. घुबडाचे डोळे समोर, चेहरा चपटा, त्यामुळे ते विचारात पडल्यासारखं वाटतं. वर चष्मा चढवला की झाले प्रोफेसर! आपल्याकडे मात्र तेच घुबड अपशकुनी. प्राणी एक, ‘स्वभाव’ दोन.

पडताळा घरीच घ्या. कार्टून मध्येच थांबवा, पात्राच्या भुवया आणि तोंड बोटांनी झाका आणि नव्यानं बघणाऱ्याला विचारा, हा चांगला की वाईट? मग खऱ्या प्राण्याच्या फोटोत भुवया शोधायला सांगा. कुत्र्याचा फोटो मात्र टाळा; काहींच्या डोळ्यांवर भुवयांसारखे ठिपके असतात आणि वाद लांबतो.