बसने दुसऱ्या देशात जाताय? सीमेवरून परत पाठवतात ते या कारणांनी

विमानाने जाताना तुमची कागदपत्रं आधी विमान कंपनी तपासते. चुकीच्या व्हिसाचा प्रवासी नेला तर दंड आणि परत आणायचा खर्च तिच्यावर येतो, म्हणून ती डोळ्यांत तेल घालून बघते. बसचं तिकीट देणारा बहुतेक वेळा पासपोर्ट आहे ना, एवढंच विचारतो. त्यामुळे चूक लक्षात येते ती थेट इमिग्रेशनच्या काउंटरवर, मागे बस सुरू असताना.

नेहमीची तयारी थोडक्यात: शक्यतो सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, त्यात दोन कोरी पानं, व्हिसा किंवा व्हिसा-सवलत, पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचा पत्ता, थोडी रोकड. सीमेवर आधी एका देशाचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग दुसऱ्याचा आत आल्याचा. सिंगापूर-मलेशिया मार्गावर दोन्हीकडे सामानासकट उतरावं लागतं, आणि शहरी बस कोणासाठी थांबत नाही. तिकीट जपून ठेवा, त्याच सेवेच्या पुढच्या बसमध्ये चढता येतं.

आता जिथे माणसं खरोखर अडतात ते.

व्हिसा आहे, पण या नाक्यासाठी आहे का? व्हिएतनामच्या ई-व्हिसाच्या अर्जात तुम्ही कुठून आत येणार ते निवडावं लागतं. सवयीने विमानतळ निवडायचा आणि मग कंबोडियातून बसने मोक बाई नाक्यावर जायचं, हा हमखास होणारा घोळ. ई-व्हिसा ठराविक नाक्यांवरच चालतो, ती यादी सरकारी संकेतस्थळावर असते. ‘पोहोचल्यावर व्हिसा’ ही सोयही कित्येक देशांत फक्त विमानतळांपुरती असते. हे नियमात लिहिलेलं असतं, पण इतक्या खाली की तिथपर्यंत कोणी वाचत नाही.

तारखांची चूक तर फार जिवाला लागते, कारण ती प्रामाणिक माणसाकडून होते. व्हिसा १५ तारखेपासून आहे आणि रात्रीची बस १४ तारखेला साडेअकराला सीमेवर पोहोचली, तर तुम्ही व्हिसाशिवाय आलेले प्रवासी आहात. अर्ध्या तासाची सूट मिळेल असं धरून चालू नका. उलट बाजूही तशीच: मुदतीच्या शेवटच्या संध्याकाळी बस पकडली आणि शिक्का मध्यरात्रीनंतर बसला, तर एक दिवस जास्त राहिल्याची नोंद होते. मोजतात तो शिक्क्याचा दिवस, बस सुटल्याचा नाही. त्यात थायलंड आणि मलेशियाच्या घड्याळांत एका तासाचा फरक आहे, म्हणून नाका रात्री बंद होण्याची वेळ कोणत्या बाजूच्या घड्याळाने सांगितली आहे, हे विचारून घ्या. शेवटचा दिवस सीमेसाठी ठेवूच नका. एक दिवस आधी निघा.

शेंगेन देशांत (युरोपातले एकाच व्हिसावर फिरता येणारे देश) ‘९० दिवस’ म्हणजे तीन महिने नव्हेत. १ मार्चला आत आलात तर नव्वदावा दिवस २९ मे. येण्याचा आणि जाण्याचा दोन्ही दिवस धरतात, आणि हिशेब मागच्या १८० दिवसांत होतो. जुन्या प्रवासवर्णनांत ‘क्रोएशियात जाऊन या, दिवस थांबतात’ असा सल्ला अजून सापडतो. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे, बल्गेरिया-रोमानियाच्या जमिनीवरच्या सीमाही १ जानेवारी २०२५ पासून आल्या. शिवाय व्हिसावर प्रवेशांच्या रकान्यात ‘०१’ असेल, तर बुडापेस्टहून बसने बेलग्रेडला गेल्यावर त्या व्हिसावर परत येता येत नाही. त्याच व्हिसावर मुदतीच्या तारखा वेगळ्या आणि राहण्याचे दिवस वेगळे छापलेले असतात. कमी असतील ते दिवस धरा.

आणि सर्वांत त्रासाचा कागद म्हणजे पुढच्या प्रवासाचं तिकीट. बसने फिरणाऱ्याकडे ते नसतंच, कारण पुढची बस तो पुढच्या गावात ठरवणार असतो. अधिकारी मात्र ‘तू इथून बाहेर कधी जाणार’ याचा पुरावा मागतो. ही मागणी विमानप्रवासी डोळ्यांसमोर ठेवून केलेली आहे आणि बसवाल्यावर ती अन्यायच करते, पण काउंटरवर हे सांगून उपयोग नाही. पैसे परत मिळणारं खरं बसतिकीट आधी काढा, छापून ठेवा. सोबत दिवसवार मार्ग आणि बँकेचं ताजं विवरण असू द्या. नुसतं बनवून घेतलेलं खोटं आरक्षण दाखवू नका. तपासलं गेलं तर आक्षेप कागदापुरता राहत नाही, तुमच्या खरेपणावर येतो.

आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतल्या काही देशांत पीतज्वराच्या (यलो फीवर) लसीचं प्रमाणपत्र मागतात. लस घेतल्यापासून दहा दिवसांनी ते ग्राह्य होतं, मग आयुष्यभर चालतं. आदल्या दिवशी घेतलेली लस सीमेवर कामाची नाही.

थायलंडने १ मे २०२५ पासून बसने येणाऱ्या परदेशी प्रवाशांनाही ऑनलाइन आगमन कार्ड सक्तीचं केलं. सिंगापूरचं कार्ड पोहोचण्याच्या दिवसासकट तीन दिवसांत भरायचं, म्हणजे १० तारखेला पोहोचणार असाल तर ८ पासून. दोन्ही मोफत आहेत. पैसे मागणारं संकेतस्थळ सरकारी नाही, लगेच बंद करा.

काउंटर दिसला नाही म्हणून सीमा नाही असं समजू नका. आयर्लंडमधल्या डब्लिनहून ब्रिटनच्या ताब्यातल्या बेलफास्टला जाताना बस सीमेवर सहसा थांबत नाही, तरी तो दुसरा देश आहे आणि त्याचे व्हिसानियम लागू असतात.

एवढं करूनही प्रवेश नाकारला, तर वाद घालत बसू नका. आधी बसमधून सामान उतरवा. नकाराचं कारण लेखी मागा आणि तडक मागच्या देशाच्या काउंटरवर जाऊन तुमचा बाहेर पडल्याचा शिक्का रद्द करायला सांगा. मागच्या देशाचा व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर यात अजिबात हयगय नको, कारण तो शिक्का तसाच राहिला तर तुम्ही दोन्ही देशांच्या बाहेर उभे असता.