राजकन्येचे प्रश्न आणि देकार्तच्या सहा भावना

1645 चा वसंत. राज्य गमावलेल्या बोहेमियाच्या राजघराण्यातली एलिझाबेथ हेग शहरात राहत होती. अंगात बारीक ताप, कोरडा खोकला, काही केल्या हटेना. तत्त्वज्ञ रने देकार्तने पत्रातून निदान केलं: अशा तापाचं नेहमीचं कारण म्हणजे दुःख.

दोघांचा पत्रव्यवहार 1643 पासूनचा. जड नसलेलं मन जड शरीराला हलवतं तरी कसं, हा तिचा पहिलाच प्रश्न देकार्तला पुरता सोडवता आला नाही. आता तिने दुसरा पेच टाकला. काही आजारांत विचारशक्तीच जाते, मग विवेकाने दुःख आवरायचं कोणी? आधी भावनांची नीट व्याख्या करा, असं तिने सुचवलं. त्यातून उभा राहिलेला ग्रंथ 1649 मध्ये छापला गेला. त्याचं निम्मं श्रेय मी तरी एलिझाबेथलाच देईन.

देकार्तच्या मते मूळ भावना सहा: विस्मय, प्रेम, द्वेष, इच्छा, आनंद, दुःख. सहा म्हटलं की आपल्याला षड्रिपू आठवतात, पण या यादीत रिपू कोणीच नाही. भावना स्वभावतः चांगल्याच, टाळायचा तो अतिरेक, असं तो म्हणतो. रक्तातून गाळून निघालेले अतिसूक्ष्म, चपळ कण मेंदूतल्या पिनियल ग्रंथीला हलवतात आणि मनात भावना उमटते, ही त्याची कल्पना. शरीरशास्त्र म्हणून ती चुकीची ठरली. ही ग्रंथी झोपेशी निगडित मेलाटोनिन बनवते.

पण सवयीबद्दलचं त्याचं निरीक्षण फार मोलाचं आहे. तित्तिर दिसला की कुत्रा धावतो, बंदुकीच्या आवाजाने पळ काढतो. तरी शिकारी कुत्र्याला शिकवलं, की तो पक्षी पाहून थबकतो आणि बार ऐकून पक्ष्याकडे झेपावतो. जनावराला हे जमतं, तर माणसाला का जमू नये? 1647 च्या एका पत्रात तो स्वतःचंच उदाहरण देतो. लहानपणी त्याला एक किंचित तिरळी मुलगी आवडायची. पुढे कितीतरी वर्षं तिरळ्या माणसांकडे त्याचा जीव ओढला जाई. कारण उमगलं आणि ती ओढ संपली.

एलिझाबेथचं मात्र एवढ्याने समाधान झालं नव्हतं. ग्रंथाचा मसुदा वाचून 1646 मध्येच तिने लिहिलं होतं की हे उपाय आचरणात आणणं कठीण आहे. आयुष्यात काय काय कोसळणार, हे आधी ओळखायचं कसं?