ईसाफ्योर्दुरचा विमानतळ: अडचणीच्या जागेतल्या एका धावपट्टीची पार्श्वभूमी

मार्च २०२५ मध्ये आइसलँडएअर कंपनीनं जाहीर केलं, की २०२६चा उन्हाळी हंगाम संपला की ईसाफ्योर्दुरची विमानसेवा ती थांबवणार. आइसलँडच्या वायव्य टोकाला, फियॉर्डच्या, म्हणजे डोंगरांमधे खोल शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्याच्या, काठावर वसलेलं हे अडीच-पावणेतीन हजार वस्तीचं गाव म्हणजे वेस्टफियॉर्ड्स प्रदेशाची राजधानीच. इस्पितळ, न्यायालय, मोठी शाळा, मासळीचा धंदा, सगळं इथे. राजधानी रेक्याविकला विमानानं जायला पाऊण तासही लागत नाही. रस्त्यानं तेच अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास भरतं आणि हवा चांगली असेल तर पाच-सहा तासांत कापता येतं. हवा चांगली नसेल तर किती वेळ लागेल, ते कोणी सांगू शकत नाही.

सेवा थांबवण्याचं जे कारण कंपनीनं दिलं, ते ईसाफ्योर्दुरमधलं नव्हतंच. ते होतं ग्रीनलँडमधलं. ते कसं, हे कळण्यासाठी ऐंशी वर्षं मागे जावं लागतं. त्याहीआधी नकाशा नीट पाहावा लागतो.

वेस्टफियॉर्ड्सचा द्वीपकल्प उरलेल्या आइसलँडला जेमतेम सात किलोमीटर रुंदीच्या चिंचोळ्या पट्टीनं जोडलेला आहे. बाकी सगळीकडे समुद्र आत घुसलेला. हिमनद्यांनी कोरलेल्या खोल दऱ्यांत पाणी शिरून एकामागून एक फियॉर्ड तयार झाले. दोन फियॉर्डच्या मधे सपाट माथ्याचे, उभ्या कड्यांचे डोंगर. त्यामुळे पलीकडच्या गावाचे दिवे समोर दिसतात, पण तिथे पोचायला पाण्याला वळसा घालावा लागतो किंवा डोंगर चढून उतरावा लागतो. आइसलँडमध्ये रेल्वे नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इथल्या लोकांचा खरा रस्ता म्हणजे समुद्र. किनाऱ्याकिनाऱ्यानं फिरणाऱ्या सरकारी बोटी माणसं, टपाल आणि माल घेऊन बंदराबंदराला लागायच्या.

ईसाफ्योर्दुर गाव स्कुतुल्सफ्योर्दुर नावाच्या छोट्या फियॉर्डमध्ये आहे. वाळू-गोट्यांची एक जिभेसारखी पट्टी पाण्यात शिरलेली, तिच्यावर जुनं गाव. या जिभेच्या आडोशाला शांत पाण्याचा डोह तयार झाला आहे. मच्छीमारांसाठी तो उत्तम आसरा होताच. पुढे विमानांनाही त्याचाच उपयोग झाला.

१९४४च्या मार्चमध्ये कॅनडात वैमानिकीचं शिक्षण घेऊन परतलेल्या तीन तरुणांनी, आल्फ्रेद एलियासन, क्रिस्तिन ओल्सेन आणि सिगुर्दुर ओलाफ्सन यांनी, लोफ्टलेइदिर ही कंपनी काढली. त्यांच्याकडे विमान होतं एकच, स्टिन्सन रिलायन्ट जातीचं, पाण्यावर उतरणारं. पुढच्याच महिन्यात त्यांनी पहिली नियमित सेवा सुरू केली, ती रेक्याविक ते ईसाफ्योर्दुर. ही निवड सहज समजण्यासारखी आहे. मासळीच्या पैशानं नांदतं गाव, राजधानीशी कामकाजाचा रोजचा संबंध आणि मधे धड रस्ता नाही. धावपट्टीची गरज नव्हती, डोह होता. हीच लोफ्टलेइदिर पुढे अटलांटिकपलीकडच्या स्वस्त प्रवासासाठी जगभर ओळखली गेली आणि आजच्या आइसलँडएअरच्या वंशवेलीत तिचं नाव आहे. म्हणजे ज्या मार्गावरून या कंपनीचा एक पूर्वज उडायला शिकला, तोच मार्ग आता ती सोडते आहे. मला ही गोष्ट नुसत्या आकडेमोडीत बसवता येत नाही.

१९५२ मध्ये सरकारनं देशांतर्गत मार्गांची वाटणी केली, तेव्हा लोफ्टलेइदिर त्यातून बाहेर पडली आणि मार्ग फ्लुगफेलाग इस्लांद्स या दुसऱ्या विमान कंपनीकडे गेले. त्या काळात युद्धातून उरलेली कॅटालिना विमानं वापरात होती. पोट होडीसारखं, त्यामुळे पाण्यावर उतरायचं. पण लाटा असतील, बर्फ असेल, वारा आडवा असेल तर उतरणं अवघड. शिवाय ही विमानं म्हातारी होत चालली होती. जमिनीवरची धावपट्टी हवी, हे सगळ्यांना पटलं होतं. प्रश्न होता, ती घालायची कुठे?

स्कुतुल्सफ्योर्दुरमध्ये सपाट जागा फार थोडी आहे. बाजूचे डोंगर सातशे मीटरच्या घरातले आणि थेट पाण्यात उतरलेले. गावासमोरच्या पूर्वेकडच्या काठावर, डोंगराच्या पायथ्याशी स्किपेयरी नावाची सखल पट्टी होती. तिथे काठाला समांतर धावपट्टी आखली गेली आणि १९६० मध्ये विमानतळ सुरू झाला. आज तिची लांबी सुमारे १,४०० मीटर आहे. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला पाणी. रुंदी-लांबी वाढवायची म्हटली तर भर समुद्रातच घालावी लागणार.

इथे विमान उतरतं कसं, हे समजून घेण्यासारखं आहे, कारण पुढच्या साऱ्या अडचणी त्यातूनच निघतात. वैमानिक मोठ्या ईसाफ्यार्दारद्यूप खाडीतून स्कुतुल्सफ्योर्दुरच्या तोंडाशी येतो. धावपट्टी त्याला डाव्या हाताला दिसते, पण वारा आतल्या दिशेला वाहत असेल तर वाऱ्याच्या समोरून उतरण्यासाठी त्याला ती मागे टाकून फियॉर्डच्या आतल्या टोकापर्यंत जावं लागतं. तिथे डोंगरांच्या खोबणीत, दोन्ही बाजूंना कडे असताना, विमान जवळजवळ पूर्ण उलट फिरवायचं आणि वळणातून सरळ होता होताच धावपट्टीवर टेकवायचं. खिडकीतल्या प्रवाशाला पंखाच्या टोकापलीकडे डोंगराची कपार दिसते. ही सगळी कसरत डोळ्यांनी पाहून करायची असते. म्हणून अंधार पडल्यावर इथे प्रवासी विमान उतरत नाही, ढग खाली आले तरी नाही आणि ठरावीक दिशेचा वारा डोंगरावरून लाटांसारखा कोसळू लागला तरी नाही.

आता उत्तरेकडचा डिसेंबर डोळ्यांसमोर आणा. दिवसाचा उजेड तीन-साडेतीन तास. डोंगर इतके उंच, की नोव्हेंबरच्या शेवटापासून जवळजवळ दोन महिने सूर्य गावात दिसतच नाही. २५ जानेवारीच्या सुमाराला तो डोंगरावरून पुन्हा डोकावतो आणि गावातल्या सोलगाता या गल्लीत ऊन पडतं. त्या दिवशी घराघरांत पातळ गोड पॅनकेक आणि कॉफी होते. ‘सूर्याची कॉफी’ म्हणतात त्याला. इतक्या लांब अंधाराच्या गावात विमानाचं वेळापत्रक उजेडावर बेतलेलं असणं म्हणजे हिवाळ्यात दिवसाला एखादीच संधी मिळणं. ती हुकली की उद्या बघायचं.

यावर जुना तोडगा होता थिंगेयरीचा. जवळच्याच दुसऱ्या एका फियॉर्डमधल्या या गावातही धावपट्टी आहे आणि तिथला वारा वेगळा असतो. ईसाफ्योर्दुरला उतरता आलं नाही तर विमान तिकडे जायचं आणि प्रवाशांना बसनं आणायचं. पण ही सोय उपयोगाची ठरायला मधली खिंड उघडी हवी. सहाशे मीटरच्या वरची ब्रेदादाल्सहेदी खिंड हिवाळ्यात वारंवार बंद पडायची. १९९६ मध्ये डोंगराच्या पोटातून सुमारे नऊ किलोमीटरचा बोगदा खुला झाला. त्याला आत फाटा आहे, एक तोंड ईसाफ्योर्दुरकडे, दुसरं सुदुरेयरीकडे, तिसरं फ्लातेयरीकडे. बऱ्याच भागात एकाच गाडीची वाट, समोरून कोणी आलं तर बाजूच्या खाचेत थांबायचं.

या प्रदेशाचं एकाकीपण किती खरं आहे, हे १९९५ या एका वर्षानं दाखवलं. १६ जानेवारीला पहाटे सूदाविक गावावर हिमस्खलन झालं आणि १४ माणसं गेली. २६ ऑक्टोबरला पहाटे फ्लातेयरीवर बर्फाचा कडा आला. तिथे २० माणसं गेली. दोन्ही वेळी वादळ चालूच होतं. सूदाविक ईसाफ्योर्दुरपासून अगदी जवळ, पण रस्त्यावरही बर्फ कोसळलेला, विमानं जमिनीवर खिळलेली. मदतीची माणसं, डॉक्टर आणि शोधकुत्री समुद्रमार्गे न्यावी लागली. हवाई सेवेच्या बाजूनं बोलताना हे लपवून चालणार नाही, की सर्वांत वाईट दिवशी विमान येऊ शकलं नाही. पण वादळ ओसरल्यावर जखमींना मोठ्या इस्पितळात हलवायचं, मोठी यंत्रणा आणायची, तर पुन्हा विमानच लागतं.

रुग्णवाहतुकीची ही कथा गावातल्याच एका कंपनीशी जोडलेली आहे. १९७० मध्ये हर्दुर गुद्मुन्दसन यांनी ईसाफ्योर्दुरमध्ये एर्निर ही छोटी विमान कंपनी सुरू केली. आजारी माणसं, अडलेल्या बाळंतिणी, टपाल, असं सगळं घेऊन ती विमानं आडगावच्या कच्च्या पट्ट्यांवर उतरायची. पुढे कंपनीनं आपलं बस्तान रेक्याविकला हलवलं.

रेक्याविकच्या बाजूलाही एक जुना वाद आहे आणि त्याची झळ थेट इथे लागते. राजधानीतला शहरी विमानतळ ब्रिटिशांनी दुसऱ्या महायुद्धात बांधला, तो शहराच्या अगदी मध्यावर आहे. राष्ट्रीय इस्पितळ त्याला लागूनच. ही मोक्याची जमीन घरांसाठी मोकळी करावी, असं शहरातल्या अनेकांना वाटतं. २००१च्या मतदानात विमानतळ हलवण्याच्या बाजूनं किंचितसा कौल पडला. २०१३ मध्ये तो जागेवरच राहावा म्हणून सुमारे ७०,००० सह्या जमल्या, तेही सव्वातीन लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तर जवळच्या टेकडीवरची झाडं फार उंच वाढली म्हणून तिथली एक धावपट्टी काही काळ बंद ठेवावी लागली आणि रुग्णविमानांची पंचाईत झाली. एका शहरी टेकडीवरची झाडं दूरच्या फियॉर्डमधल्या रुग्णाच्या आड येतात, इतकी ही साखळी लांब आहे.

विमानांची पिढी मात्र बदलत राहिली. कॅटालिनानंतर डग्लस डीसी-३, मग १९६५ पासून फोकर फ्रेंडशिप, १९९२ पासून फोकर ५० आणि अखेर कॅनडात बनलेलं ३७ आसनांचं डॅश ८-२००. मधल्या काळात कंपन्या एकत्र आल्या, वेगळ्या झाल्या, नावं बदलली. २०२१ पासून देशांतर्गत सेवा आइसलँडएअरच्याच नावाखाली आली. फोकर गेल्यावर कंपनीच्या ताफ्यात मोठी डॅश ८-४०० विमानं आली, सत्तरहून जास्त आसनांची. ती ईसाफ्योर्दुरच्या धावपट्टीवर आणि वळणावर चालत नाहीत. त्यामुळे या एका गावाची सेवा छोट्या २०० जातीवर टेकून राहिली.

आणि ही छोटी विमानं कंपनीकडे होती ती मुख्यतः ग्रीनलँडसाठी. तिथल्या नूक आणि इलुलिस्सातच्या जुन्या धावपट्ट्या हजार मीटरपेक्षाही आखूड, तिथे मोठं विमान जाऊच शकत नव्हतं. त्या फेऱ्यांतून मिळकत व्हायची आणि त्याच विमानांतून ईसाफ्योर्दुरचं काम निघायचं. मग ग्रीनलँडनं नव्या धावपट्ट्या बांधायला घेतल्या. नूकची २,२०० मीटरची धावपट्टी नोव्हेंबर २०२४ मध्ये खुली झाली, तेवढ्याच लांबीची इलुलिस्सातची २०२६ साठी ठरली. आता तिकडे मोठी विमानं उतरणार, तेव्हा २०० जातीचं काय काम? एकट्या ईसाफ्योर्दुरसाठी ती सांभाळणं परवडत नाही, असा कंपनीचा हिशेब. शेजारच्या देशाची प्रगती झाली आणि या गावाची वाट आखडली.

तशी नवी विमानं विकत घ्यावीत, तर ती कोणी बनवत नाही. छोट्या डॅश ८चं उत्पादन २००९ पर्यंत थांबलं. एटीआर कंपनी आठशे मीटरच्या धावपट्टीवर चालेल अशी आपल्या ‘एटीआर ४२’ विमानाची नवी आवृत्ती तयार करत होती, ते काम तिनं नोव्हेंबर २०२४ मध्ये सोडून दिलं. नॉर्वेलाही हीच चिंता आहे. १९६८ पासून नॉर्वेनं फियॉर्डकाठच्या गावांसाठी आठशे मीटरच्या धावपट्ट्यांचं जाळंच उभारलं आणि विदेरो कंपनीची जुनी डॅश ८ विमानं आजही तिथे राबतात. फरक एवढाच, की नॉर्वेत अशा मार्गांसाठी राज्य निविदा काढतं आणि तोटा भरून देतं. आइसलँडमध्येही बिल्दुदालुर आणि ग्योगुर या वेस्टफियॉर्ड्समधल्याच छोट्या ठिकाणांना सरकारी मदतीवर विमान जातं. ईसाफ्योर्दुरचा मार्ग मात्र बाजाराच्या भरवशावर होता, कारण प्रवासी पुरेसे होते. २०२० पासून दूरच्या भागातल्या रहिवाशांना वर्षाला सहा एकेरी फेऱ्यांवर ४० टक्के सवलत मिळते, पण ती तिकिटावर. विमानच नसेल तर सवलत कशावर घेणार?

माझ्या मते चूक इथे झाली. प्रवासी भरपूर आहेत म्हणून मार्ग सुरक्षित आहे, असं धरून चाललं गेलं. तो कोणत्या विमानावर उभा आहे आणि ते विमान दुसऱ्या कोणत्या कामामुळे ताफ्यात टिकून आहे, हे वेळेत पाहिलं गेलं नाही. आणि गाव काही ओस पडत चाललेलं नाही. माशाच्या कातडीपासून जखमा भरणारं औषधी आवरण बनवणारी केरेसिस कंपनी याच गावात जन्मली आणि २०२३ मध्ये डेन्मार्कच्या कोलोप्लास्टनं ती सुमारे १.३ अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं. साल्मन माशांची शेती वाढते आहे. किनारी अभ्यासाचं विद्यापीठ केंद्र परदेशी विद्यार्थी आणतं. २०२० मध्ये आणखी एक बोगदा झाला, दीराफ्योर्दुरचा, साडेपाच किलोमीटरचा, त्यानं दक्षिणेकडची वाट हिवाळ्यातही खुली राहू लागली. रस्ते सुधारताहेत, हे खरंच चांगलं आहे. पण रक्तस्राव होणाऱ्या बाळंतिणीला पाच तासांचा रस्ता चांगला असून भागत नाही. रुग्णविमानं स्किपेयरीला उतरतच राहणार, म्हणजे धावपट्टी, हवामानाची निरीक्षणं, बर्फ काढणारी यंत्रं आणि ती चालवणारी माणसं ठेवावीच लागणार आहेत. तो खर्च कुणाला चुकणार नाही. मग त्याच पट्टीवरून रोजचं एक प्रवासी विमान सुटावं, एवढी तजवीज राज्यानं करणं ही मेहेरबानी नाही. १९४४ पासून ज्या हवाई वाटेनं हे गाव देशाला जोडलेलं आहे, तिची देखभाल बोगद्यांच्या आणि घाटांच्या देखभालीच्याच खात्यात मोडायला हवी.