यादृच्छिक चलांची संगणकीय निर्मिती

दिलेल्या संभाव्यता-वितरणाला अनुसरणाऱ्या संख्या संगणकाकडून तयार करून घेण्याची पद्धती. एखाद्या आकलकाचे (नमुन्यावरून अज्ञात मूल्याचा अंदाज देणाऱ्या राशीचे) वर्तन सूत्राने काढता येत नाही तेव्हा सांख्यिकीज्ञ हजारो कृत्रिम नमुने काढून ते तपासतो. रांगा, जलाशय, विमा, साथीचे रोग यांच्या अभ्यासातही हेच करतात. काम दोन टप्प्यांत होते. आधी ० ते १ मध्ये समान संधीने पडणाऱ्या संख्या मिळवायच्या, मग त्यांना घातांकीय, प्रसामान्य (घंटेच्या आकाराचे ‘नॉर्मल’), गॅमा अशा हव्या त्या वितरणाचे रूप द्यायचे. अभ्यासकांचे लक्ष बहुधा पहिल्या टप्प्याकडे जाते. दुसऱ्या टप्प्यातल्या चुका मात्र अधिक काळ लपून राहतात.

संज्ञा : ‘यदृच्छा’ हा शब्द जुना आहे. श्वेताश्वतर उपनिषदात (१.२) जगाच्या कारणाचा विचार करताना काल, स्वभाव, नियती आणि यदृच्छा ही नावे एका ओळीत येतात. संगणकाने दिलेल्या संख्यांना नियती आणि यदृच्छा ही दोन्ही नावे एकाच वेळी लागू पडतात, कारण पहिली संख्या (बीज) ठरली की पुढची सगळी माळ ठरते, आणि तरीही बीज ठाऊक नसलेल्याला ती माळ विस्कळीतच दिसते. म्हणून काटेकोर लेखनात ‘छद्मयादृच्छिक’ म्हणतात. वडोदऱ्यात घरी मराठी, बाजारात गुजराती आणि वर्गात इंग्रजी असा भाषाव्यवहार असल्याने इथल्या विद्यार्थ्याच्या तोंडी ‘रॅण्डम नंबर’ हाच शब्द असतो. ‘यादृच्छिक’चा अर्थ ‘कसेही, वाटेल तसे’ असा करू नये. प्रत्येक संख्येला तिच्या वाट्याची संधी मोजून दिलेली असते.

पूर्वपीठिका : गॉल्टन यांनी १८९० मध्ये प्रसामान्य वितरणाच्या संख्या फाशांनी काढण्याची युक्ती सुचवली. फाशाच्या सहा बाजूंच्या चार-चार कडांवर आकडे लिहून त्यांनी एका फाशातून २४ शक्यता मिळवल्या. ‘स्टूडंट’ या नावाने लिहिणाऱ्या गॉसेट यांनी १९०८ च्या निबंधासाठी ३,००० गुन्हेगारांची उंची आणि डाव्या हाताच्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर उतरवली, ते पिसले आणि चार-चारांचे ७५० नमुने पाडले. टिपेट यांचे ४१,६०० अंकांचे कोष्टक १९२७ मध्ये छापले गेले. त्यातले अंक जनगणनेच्या अहवालांतून उचललेले होते. भारतात महालनोबिस आणि सहकाऱ्यांनी प्रसामान्य समष्टीतील यादृच्छिक नमुन्यांची कोष्टके १९३४ मध्ये ‘संख्या’ या नियतकालिकात प्रसिद्ध केली. ती या विषयातील आरंभीच्या भारतीय कामांपैकी आहेत आणि त्यांची दखल व्हावी तितकी होत नाही.

समान संधीच्या संख्या : लेमर यांनी १९४९ च्या सुमारास मांडलेली पद्धत साधी आहे. संख्येला एका ठरावीक संख्येने गुणायचे, दुसरीने भागायचे आणि बाकी ठेवायची. त्यांचा गुणक २३ होता आणि भाजक १० कोटी १. पुढे गुणाकारात एक स्थिरांक मिळवण्याचा पाठ रूढ झाला. ही पद्धत कागदावर करून पाहावी. ७ पासून सुरू करा. दर वेळी ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. माळ येते : ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, ०, ३, २, १३, ४ आणि पुन्हा ७. ० ते १५ मधली प्रत्येक संख्या एकदाच आली, म्हणजे वाटणी चोख झाली. पण विषमानंतर सम, समानंतर विषम हा क्रम एकदाही मोडलेला नाही. आयबीएमच्या यंत्रांवर १९६० च्या दशकात सर्रास वापरली गेलेली ‘रॅण्डू’ ही संख्यानिर्मितीची पद्धत (गुणक ६५,५३९, भाजक २ चा ३१ वा घात) अशाच दोषाने बाद ठरली. तिच्या लागोपाठच्या तीन संख्या अवकाशातील बिंदू मानल्या तर सगळे बिंदू अवघ्या १५ समांतर प्रतलांवर पडतात. मात्सुमोतो आणि निशिमुरा यांच्या ‘मर्सेन ट्विस्टर’चे (१९९८) आवर्तन, म्हणजे माळ पुन्हा पहिल्यापासून सुरू होण्याआधीची लांबी, २ च्या १९,९३७ व्या घातापेक्षा फक्त एकाने कमी असल्याने ती आज अनेक प्रणालींत रूढ आहे.

व्यस्त पद्धत : संचित वितरण-फलन (एखाद्या मूल्यापर्यंतची एकूण संभाव्यता सांगणारे फलन) उलटे फिरवता आले तर दुसरे काही करावे लागत नाही. वडोदऱ्यात मांडवीजवळच्या एखाद्या दुकानात दोन गिऱ्हाइकांमध्ये सरासरी १० मिनिटे जातात आणि हा अवधी घातांकीय आहे असे धरू. संगणकाने ०.९०, ०.३७, ०.०५ या संख्या दिल्या, तर प्रत्येकीचा नैसर्गिक लॉगरिथम घेऊन उणे १० ने गुणायचे. अवधी येतात १.०५, ९.९४ आणि २९.९६ मिनिटे. दुकानदाराच्या ओळखीचेच हे चित्र आहे : कधी पाठोपाठ दोघे, कधी अर्धा तास कोणी नाही.

नकार पद्धत : वक्राभोवती आयत आखून त्यात बिंदू टाकायचे, वक्राखालचे ठेवायचे, वरचे टाकून द्यायचे. तांदूळ चाळल्यासारखेच हे काम आहे; चाळणीत किती वाया जाते यावर पद्धतीची किंमत ठरते. जनक म्हणून फोन नॉयमान यांचे नाव घेतात. मुद्रित निबंध १९५१ चा आहे, परंतु उलाम यांना मे १९४७ मध्ये लिहिलेल्या पत्रात व्यस्त आणि नकार या दोन्ही पद्धती येतात. तेव्हा १९४७ हेच साल धरणे अधिक योग्य वाटते.

प्रसामान्य चल आणि श्रेयाचा प्रश्न : प्रसामान्य फलन सोप्या सूत्राने उलटे फिरत नाही. म्हणून पूर्वी १२ समान संख्यांची बेरीज करून तीतून ६ वजा करीत. सरासरी ० आणि प्रचरण (मूल्यांच्या विखुरणीचे माप) १ नेमके येते, पण उत्तर ६ च्या पलीकडे कधीच जाऊ शकत नाही. बॉक्स आणि म्यूलर यांनी १९५८ मध्ये दोन पानी टिपणात अचूक मार्ग दिला. दोन संख्या घ्या. पहिलीच्या लॉगरिथमाच्या उणे दुपटीचे वर्गमूळ म्हणजे त्रिज्या, दुसरीला पूर्ण फेऱ्याने गुणले की कोन. ०.२० आणि ०.३५ घेतल्या तर त्रिज्या १.७९४ आणि कोन १२६ अंश. त्यांतून उणे १.०५ आणि १.४५ असे दोन परस्परस्वतंत्र प्रसामान्य चल मिळतात.

हेच रूपांतर पेली आणि वीनर यांच्या १९३४ च्या ग्रंथात आढळते, म्हणून काही लेखक श्रेय त्यांना देतात. पेली १९३३ मध्येच हिमस्खलनात मरण पावले होते. ग्रंथ त्यांच्या मृत्यूनंतर निघाला. त्यांचा हेतू फूर्ये विश्लेषणाचा होता. हिशेबाच्या यंत्राला संख्या पुरवण्याचा विचार त्यात असण्याचे कारण नव्हते. गणिती सर्वसमिका १९३४ ची आणि निर्मितीची पद्धत १९५८ ची, असे म्हणणे न्यायाचे होईल. प्रचलित नाव बदलण्याची गरज दिसत नाही. मार्साग्लिया आणि ब्रे यांनी १९६४ मध्ये कोनाची त्रिकोणमिती टाळून वर्तुळात पडणारे बिंदूच ठेवण्याचा पाठ दिला. त्यात सुमारे ७८.५ टक्के बिंदू उपयोगी पडतात.

शेपटीचा प्रश्न : नीव्ह यांनी १९७३ मध्ये दाखवले, की निकृष्ट गुणक-पद्धतीच्या लागोपाठच्या संख्या बॉक्स-म्यूलर सूत्रात घातल्यास वितरणाची शेपटी, म्हणजे टोकाची विरळ मूल्ये, बिघडते. दोन्ही घटक स्वतंत्रपणे निर्दोष दिसतात. दोष त्यांच्या जोडणीत असतो. शिवाय ३२ बिटांच्या (३२ द्विमान अंकांच्या) संख्यांतून या सूत्राने मिळू शकणारे मोठ्यात मोठे मूल्य सुमारे ६.६६ आहे.

सरासरी आणि प्रचरण जुळले की काम झाले, असे मानण्याची सवय आहे. वडोदऱ्यात राहणाऱ्याला ती धोक्याची वाटावी. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात २४ तासांत सुमारे ५०० मिमी पाऊस पडला आणि विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले. ऑगस्ट २०२४ मध्ये पुन्हा पूर आला. पावसाच्या कृत्रिम मालिका तयार करताना कोरडा-ओला दिवस आदल्या दिवसावर अवलंबून असलेल्या संभाव्यतांच्या साखळीने ठरवतात आणि ओल्या दिवशीचे प्रमाण बहुधा गॅमा वितरणातून काढतात. गॅमासाठी मार्साग्लिया आणि त्सांग यांची २००० सालची नकार पद्धत छोटी आणि वेगवान आहे. परंतु पावसाच्या अशा मालिकेत ३१ जुलै २०१९ सारखा दिवस कधीच उगवत नसेल, तर तिच्यावरून आजवा सरोवराच्या दरवाज्यांचा किंवा नदीकाठच्या बांधकामाचा हिशेब करू नये. दोष गॅमा वितरणाच्या निवडीचा की संख्यानिर्मितीचा, हे वेगळे करून पाहावे लागते. त्यासाठी शेपटीची स्वतंत्र चाचणी घ्यावी. दहा हजार संख्यांचा स्तंभालेख मध्यभागी सुबक दिसतो, एवढ्यावर भागत नाही.

असंतत (सुट्या मूल्यांच्या) वितरणांसाठी वॉकर यांची १९७० च्या दशकातील उपनाम (‘एलियस’) पद्धत वापरतात. डेव्हरॉय यांचा १९८६ चा ग्रंथ या विषयाचा सर्वांत विस्तृत आधार मानला जातो. ‘आर’ (R) ही सांख्यिकीची संगणक-प्रणाली मूलतः मर्सेन ट्विस्टर वापरते आणि प्रसामान्य चलांसाठी व्यस्त पद्धत, त्यासाठी लागणारे उलटे फलन सन्निकट सूत्रांनी काढून. तिच्यात बीज हाताने देता येते. प्रात्यक्षिकाच्या वहीत उत्तराबरोबर बीज आणि पद्धतीचे नाव लिहिलेले असले, तर दुसऱ्याला तीच माळ पुन्हा काढून उत्तर पडताळता येते.